पहाटेची प्रार्थना

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे एक स्थानक आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी या स्थानकाच्या आसपास बहुतेक माळरानच होते. त्या माळरानावर एका विदुषीने अनाथ, विधवा आणि दुष्काळाने देशोधडीस लागलेल्या स्त्रियांसाठी एक वसाहत उभारली. तिचे नाव मुक्तिसदन. दिवस उजाडला की तेथे शेकडो मुलींची लगबग सुरू होई. कोणी विहिरीवर पाणी भरीत, कोणी जात्यावर बसत, कोणी मागावर कापड विणीत, तर कोणी छापखान्यात खिळे जुळवीत. परंतु या सर्व गलबल्याच्या आधी, तांबडे फुटण्यापूर्वीच, त्या वसाहतीत एक व्यक्ती जागी झालेली असे. अंगावर साधे पांढरे लुगडे, केस आखूड कापलेले, कानांनी ऐकू येणे बेताचेच. अशी ती बाई पहाटे चारच्या सुमारास उठून ईश्वरचिंतनास बसे. दिवसभराच्या कामाचा भार उचलण्याचे बळ तिला त्या एकांतात मिळे. ही बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

पहाटे उठण्याची ही सवय रमाबाईंना लागली ती मात्र केडगावात नव्हे, तर अगदी बालपणी, एका अरण्यात. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान. तरुणपणी पुण्यास शिकत असताना पेशव्यांच्या वाड्यात एक राजस्त्री संस्कृत शिकते आहे, हे त्यांनी पाहिले आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावे असा निश्चय केला. त्या काळी स्त्रीने संस्कृत शिकणे म्हणजे घोर पाप समजले जाई. अनंतशास्त्र्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविण्यास आरंभ करताच आप्तेष्ट रुष्ट झाले. पंडितांच्या सभेत शास्त्रीबुवांना आपल्या वर्तनाचे समर्थन करावे लागले. अखेर जनांचा त्रास टाळण्यासाठी त्यांनी सह्याद्रीच्या रांगांतील गंगामूळ नावाच्या अरण्यात पर्णकुटी बांधली. तेथेच 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

रमा सहा महिन्यांची झाली तोच कुटुंबावर तीर्थयात्रेस निघण्याची पाळी आली. वेताच्या एका पेटाऱ्यात तान्ह्या रमेस घालून तो पेटारा एका माणसाच्या डोक्यावर दिला, आणि अशा रीतीने तिच्या आयुष्याच्या प्रवासास आरंभ झाला. वडील गावोगावी देवळांत पुराण सांगत. जी दक्षिणा मिळे तीवर संसार चाले. वडील वृद्ध झाले होते, म्हणून मुलीला शिकविण्याचे काम आईने पत्करले. दिवसभर लक्ष्मीबाईंना स्वयंपाक, पाणी, पाहुणे यांतून उसंत नसे. तेव्हा त्यांनी पहाटेची वेळ निवडली. भुईवर झोपलेल्या लेकीला त्या हलकेच उचलून मांडीवर घेत, लाडिक शब्दांनी तिची झोप उडवीत, आणि झाडांवर पाखरांची किलबिल सुरू होत असता तिच्याकडून श्लोक म्हणवून घेत. हाती पुस्तक नसे. आईचे मुख हेच पुस्तक. अशा रीतीने बाराव्या वर्षापर्यंत रमेला भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. पहाटेची निवांत वेळ ही मनाची मशागत करण्याची वेळ होय, हा धडा तिला आईच्या मांडीवरच मिळाला.

पुढे मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला. शास्त्रीबुवांजवळ जे थोडेफार धन होते ते दानधर्मात व तीर्थांच्या ठिकाणी खर्च होऊन गेले होते. कुटुंबाने उपासतापास केले, देवालयांत अनुष्ठाने केली. पण अन्न मिळेना. शरीरकष्टाचे काम करण्याची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा पेचात ते कुटुंब सापडले. रानातील पाने खाऊन दिवस काढावे लागले. 1874 साली वडील गेले. मरणापूर्वी त्यांनी आपल्या लाडक्या कन्येस जवळ घेतले व आयुष्यभर सन्मार्गाने चालून ईश्वराची सेवा करावी, असा उपदेश केला. पाठोपाठ आईने डोळे मिटले. तिची तिरडी उचलण्यास चार माणसेही मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली. उरलेला भार भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई यांनी उचलला. स्मशान दूर होते आणि रमाबाईंची उंची कमी. म्हणून खांद्याऐवजी डोक्यावर भार घेऊन त्यांना ती वाट चालावी लागली. थोड्याच काळात थोरली बहीणही गेली.

आता दोघे भावंडेच उरली. त्यांनी पायी हजारो मैलांची भ्रमंती केली. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हते. तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून, त्यांत शिरून, डोके तेवढे बाहेर ठेवून त्यांनी अंगावर वाळू ओढून घेतली व रात्र काढली. या भ्रमंतीत व्रते, तीर्थे, अनुष्ठाने सर्व यथासांग चालू होती. परंतु मनाचे समाधान मात्र होत नव्हते. ईश्वर आहे तर तो कोठे आहे, आणि त्याची खरी सेवा कोणती, हा प्रश्न त्यांना सतत अस्वस्थ करीत राहिला.

1878 साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. एक तरुण मुलगी शास्त्रांवर अस्खलित संस्कृतात बोलते, हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या देऊन गौरविले. कलकत्त्यातच त्यांना एकदा ख्रिस्ती मंडळींच्या मेळाव्यास जाण्याचा प्रसंग आला. तेथील लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून प्रार्थना करू लागले. समोर मूर्ती नाही, दीप नाही, फुले नाहीत. तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे त्या भावंडांना वाटले! पुढे ज्यांचे सारे जीवन प्रार्थनेने भरून गेले, त्या रमाबाईंची ख्रिस्ती प्रार्थनेशी झालेली पहिली ओळख ही अशी गमतीची होती.

1880 साली भाऊ श्रीनिवास ढाक्यास निवर्तला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. जातीबाहेर विवाह केल्यामुळे त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. परंतु आसामातील सिलचर येथे त्यांचा संसार सुखाचा होता. त्या घरातील पुस्तकांत एक दिवस त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. त्यांनी ती वाचून काढली. येशू ख्रिस्ताच्या जीवनाशी त्यांचा खरा परिचय येथून सुरू झाला. 1881 साली कन्या मनोरमा जन्मली. पण हे सुख फार काळ टिकले नाही. 4 फेब्रुवारी 1882 रोजी बिपिनबाबू पटकीने दगावले. वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर एक वर्षाचीही न झालेली पोर आणि आधारास कोणी नाही!

दुःखाने खचून जाण्याचा रमाबाईंचा स्वभाव नव्हता. त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे प्रभृती सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. रमाबाईंनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्रीशिक्षिका व स्त्री-वैद्य यांची गरज ठासून मांडली. स्वतःही वैद्यकी शिकावी या हेतूने 1883 साली त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. परंतु कान अधू असल्यामुळे वैद्यकीच्या शिक्षणाचा विचार त्यांना सोडून द्यावा लागला.

लंडनजवळ फुलहॅम येथे या भगिनी चालवीत असलेले एक गृह रमाबाईंनी पाहिले. समाजाने ज्यांना पतित म्हणून दूर लोटले होते, अशा स्त्रियांना तेथे मायेने वागविले जाई. ज्यांची सावलीही लोक टाळतात त्यांची सेवा या भगिनी कशाच्या बळावर करतात, असा प्रश्न रमाबाईंना पडला. त्यांनी तो विचारलाही. तेव्हा येशू ख्रिस्त आणि विहिरीवर पाणी भरण्यास आलेली शोमरोनी स्त्री यांची कथा त्यांना सांगण्यात आली. लोकांनी हिणविलेल्या त्या स्त्रीशी ख्रिस्त आदराने बोलला, हे ऐकून त्यांचे अंतःकरण हेलावले. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. तथापि नवा धर्म स्वीकारला म्हणून त्यांनी आपली विचारशक्ती गहाण टाकली नाही. जी गोष्ट बुद्धीला पटत नसे तिच्याविषयी त्या आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी निर्भयपणे वाद घालीत. कोणी सांगितले म्हणून मान तुकविणे त्यांना मान्य नव्हते. आहारही त्यांनी शेवटपर्यंत शाकाहारी ठेवला आणि वेष साध्या पांढऱ्या लुगड्याचा.

1886 साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी शिक्षणपद्धतींचा अभ्यास केला, गावोगावी व्याख्याने दिली आणि हिंदुस्थानातील उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. बोस्टन शहरी त्यांच्या नावाने एक मंडळ स्थापन झाले व त्याने दहा वर्षे द्रव्यसाहाय्य देण्याचे मान्य केले. या पाठबळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदासदन उघडले. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. पुढे 1893 साली तिचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. आणि हेच कर्वे पुढे स्त्रीशिक्षणाचे महर्षी म्हणून विख्यात झाले. 1890 साली शारदासदन पुण्यास आले.

शारदासदनात कोणत्याही धर्माची शिकवण द्यावयाची नाही, असे ठरले होते. हिंदू मुलींना आपले आचार, सोवळेओवळे व पूजाअर्चा पाळण्याची पूर्ण मोकळीक होती. रमाबाई हे वचन कसोशीने पाळीत. परंतु याच काळात त्यांच्या स्वतःच्या अंतःकरणात मोठी खळबळ चालली होती. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाली होती. ग्रंथ वाचले होते, मते तपासली होती, वादविवाद केले होते. तरीही आत कोठेतरी पोकळी आहे, असे त्यांना जाणवे. 1891 च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले की, आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने स्वीकारला, परंतु ख्रिस्ताला हृदयात स्थान दिले नाही. विहिरीचे पाणी किती खोल आहे याचे गणित मांडल्याने तहान भागत नाही. त्यासाठी रोज पोहरा सोडून पाणी शेंदावे लागते. ज्ञान आणि श्रद्धा यांतील हे अंतर उमगल्यावर त्यांच्या नित्याच्या वाचनाला व प्रार्थनेला निराळेच तेज आले.

त्या दररोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. कोणास बोलावणे नसे, कोणावर सक्ती नसे. परंतु ज्या बाईने आपल्याला आईची माया दिली ती रोज काय वाचते, डोळे मिटून कोणाशी बोलते, याचे कुतूहल मुलींना वाटे. काही मुली दारात येऊन उभ्या राहू लागल्या. काही आत येऊन बसू लागल्या.

ही वार्ता गावात पसरली आणि पुण्यात मोठे वादळ उठले. वृत्तपत्रांतून कडक टीका होऊ लागली. शिक्षणाच्या निमित्ताने मुलींना बाटविण्याचा हा डाव आहे, असा आक्षेप घेतला गेला. पालक धास्तावले. ज्या काळी विधवेला शिकविणे हेच मोठे धाडस होते, त्या काळी मुलीचा धर्मही जाईल ही भीती त्यांना असह्य वाटली, तर त्यात नवल नव्हते. रानडे व भांडारकर हे रमाबाईंचे जुने हितचिंतक. संस्थेच्या सल्लागार मंडळात ते होते. मुलींनी प्रार्थनेस बसणे हे संस्थेच्या तटस्थ धोरणाशी जुळत नाही, असे त्यांचे प्रामाणिक मत पडले.

आता रमाबाईंपुढे बिकट प्रसंग उभा राहिला. दार लावून घेतले असते तर कदाचित सारे वादळ शमले असते. संस्था वाचली असती, मित्र दुरावले नसते. एका दाराचा तर प्रश्न! परंतु रमाबाईंनी निराळा विचार केला. सदनातील हिंदू मुलीला आपल्या देवाची पूजा उघडपणे करण्याची मोकळीक आहे, मग तीच मोकळीक आपल्याला का नसावी? आपण कोणाला बोलावीत नाही. पण येणाऱ्या लेकराच्या तोंडावर दार लावणेही आपल्याला शक्य नाही. शिवाय ज्या श्रद्धेच्या बळावर आपण हे काम करतो तिची चोरी का करावी? त्यांनी दार उघडेच ठेवले.

त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. 1893 साली रानडे, भांडारकर आदींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. ज्या पुण्याने अकरा वर्षांपूर्वी त्यांचे कौतुक केले होते त्याच पुण्यात त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. पुढील काळात सदनातील काही मुलींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळे हा दुरावा अधिकच वाढला. त्या वादात कोणाची बाजू किती बरोबर होती, याविषयी आजही विचारवंतांत मतभेद आहेत. परंतु एक गोष्ट निश्चित, की लोकनिंदेच्या भयाने रमाबाईंनी आपली नित्याची उपासना एक दिवसही लपविली नाही, आणि निंदा करणाऱ्यांच्या लेकीबाळींसाठी चालविलेले कामही थांबविले नाही.

1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकताच रमाबाईंना आपल्या मातापित्यांचे अखेरचे दिवस आठवले. अन्नावाचून मरणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली व तरुण विधवा यांना वाईट लोकांच्या हाती पडण्यापूर्वी गोळा करून त्यांनी आपल्याबरोबर आणले. वर्षभरात अशा सुमारे 300 जणी झाल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ होती व सरकारी निर्बंधांमुळे इतक्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. केडगाव येथे रमाबाईंनी फळबागेसाठी शंभर एकरांच्या आसपास जमीन घेऊन ठेवली होती. तेथे प्रथम झोपड्या उभारल्या, मग विहिरी खणल्या, पुढे दगडी इमारती बांधल्या. हेच ते मुक्तिसदन. 1900 साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तेथूनही शेकडो मुली आल्या आणि सदनातील संख्या सुमारे 2000 वर पोहोचली.

एवढ्या मोठ्या कुटुंबाची दोन वेळची भाकरी कोठून येत असेल? रमाबाईंजवळ जहागीर नव्हती. ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर या गृहस्थांनी केवळ ईश्वरावर भार टाकून हजारो अनाथ मुले सांभाळली, हे चरित्र त्यांनी वाचले होते. तोच मार्ग त्यांनी अनुसरला. सर्वांच्या गरजा त्या प्रार्थनेत मांडीत आणि देशोदेशींच्या स्नेह्यांकडून येणाऱ्या देणग्यांवर विसंबत. पण प्रार्थना केली म्हणजे हात जोडून स्वस्थ बसावे, असे मात्र त्यांनी कधी मानले नाही. सदनातील प्रत्येक मुलीला लिहिणे-वाचणे आणि एखादा उद्योग आलाच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. शेती, गोपालन, तेलाचा घाणा, विणकाम, शिवणकाम, सुईणपण, छपाई अशी अनेक कामे तेथे स्त्रियाच करीत. अंध मुलींसाठी वेगळी व्यवस्था होती. मनोरमेने अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून घेतली होती. तिच्या साहाय्याने अंध मुली बोटांनी वाचू लागल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅमच्या गृहात पाहिलेले दृश्य रमाबाईंनी केडगावच्या माळावर प्रत्यक्षात आणले.

या साऱ्या व्यापात पहाटेचा नेम चुकत नसे. फळबागेतील रोपट्याला एका दिवशी घागरभर पाणी ओतले आणि मग महिनाभर त्याकडे पाहिले नाही, तर ते वाळून जाते. रोज तांब्याभर पाणी मिळाले तर ते मूळ धरते. श्रद्धेचेही तसेच आहे, हे रमाबाईंनी ओळखले होते. म्हणून सणावारी मोठा समारंभ करण्यापेक्षा दररोज थोडा वेळ शांतपणे वाचन, चिंतन व प्रार्थना करणे, आपल्या चुका आठवून त्यांबद्दल क्षमा मागणे, आणि इतरांसाठी भले मागणे, यांवर त्यांचा भर असे. 1905 च्या जानेवारीत त्यांनी सदनातील मुलींना रोज एकत्र प्रार्थना करण्याविषयी सुचविले. प्रथम 70 जणी आल्या. कोणावरही बळजबरी नव्हती. तरी जून महिन्यापर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेवर गेली. त्यानंतर सदनात भक्तीची जणू लाट उसळली व तिची वार्ता दूरदूरच्या देशांत पोहोचली. सदनाचे जे इंग्रजी पत्रक निघे त्याचे नावही प्रार्थनेच्या घंटेवरून ठेवले होते. परंतु अशा लाटा येतात व ओसरतात. टिकतो तो नेम. उत्साहाचे दिवस सरल्यावरही केडगावची पहाट पूर्वीसारखीच उगवत राहिली.

रमाबाईंच्या आयुष्यातील शेवटची अठरा वर्षे एका महान कार्यात खर्ची पडली. त्या वेळी मराठीत बायबलचे भाषांतर उपलब्ध होते. परंतु त्याची भाषा खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना अवघड वाटे. ज्या ग्रंथातून आपल्याला रोज बळ मिळते तो आपल्या लेकींना स्वतः वाचून समजावा, या तळमळीने रमाबाईंनी सोप्या मराठीत नवे भाषांतर करण्याचे ठरविले. दुसऱ्याच्या भाषांतरावरून भाषांतर करणे त्यांना पसंत नव्हते. म्हणून ज्या वयात माणसे विश्रांतीचा विचार करतात त्या वयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. सात भाषा जाणणाऱ्या विदुषीने पुन्हा विद्यार्थिनी होऊन अक्षरे गिरविली! दुष्काळातून वाचलेल्या ज्या मुलींना एकेकाळी स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते, त्याच मुली आता छापखान्यात खिळे जुळवीत, मुद्रिते तपाशीत, यंत्रे चालवीत आणि पाने शिवीत. 1913 साली नवा करार छापून झाला. उरलेले काम चालूच राहिले.

1919 साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. परंतु मानसन्मानांकडे त्यांचे लक्ष नव्हते. सदनाचा भार पुढे मनोरमा वाहील, अशी त्यांची आशा होती. आईच्या प्रत्येक कामात ती उजव्या हाताप्रमाणे उभी राहिली होती. पण 24 जुलै 1921 रोजी मिरज येथे तिचे निधन झाले. आईबाप, बहीण, भाऊ, पती या सर्वांना निरोप दिलेल्या त्या मातेवर एकुलत्या एका कन्येलाही निरोप देण्याची वेळ आली. त्यांची स्वतःची प्रकृती ढासळलेली होती. ज्या उघड्या दाराच्या खोलीत आई व लेक मिळून प्रार्थना करीत, ती जोडी आता कायमची फुटली. श्रद्धेची खरी परीक्षा अशाच वेळी होते. सुखाच्या दिवसांत रोज थोडे थोडे साठविलेले बळ या कठीण प्रसंगी कामास आले. रमाबाईंनी दुःख गिळले, पहाटेचा नेम सोडला नाही आणि अपुरी राहिलेली मुद्रिते पुढे ओढली.

1922 च्या वसंतात त्यांचे दुखणे बळावले. ग्रंथाची शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे, एवढेच मागणे त्यांनी ईश्वरापाशी मागितले, असे सांगतात. ते काम पुरे झाले. आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे त्यांनी शांतपणे देह ठेवला. वयाची चौसष्ट वर्षे पुरी होण्यास अवघे काही दिवस उरले होते. त्यांचे संपूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले. 1989 साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्तिसदन तर आजही निराधार स्त्रिया व मुलांना आसरा देत आहे.

रमाबाईंच्या चरित्रातील मोठे प्रसंग सर्वांच्या डोळ्यांत भरतात. कलकत्त्याची सभा, समुद्रापलीकडील प्रवास, दुष्काळातील धाडस, ग्रंथांची रचना, ही कार्ये थोर आहेत यात संशय नाही. परंतु या थोर कार्यांच्या मुळाशी एक अगदी लहान गोष्ट होती. अरण्यातील एका आईने झोपाळू लेकीला पहाटे मांडीवर घेतले, आणि त्या लेकीने पुढे पहाटेची ती वेळ जन्मभर ईश्वराला दिली. भोवतालचे जग बदलले, मित्र गेले, आप्त गेले, निंदा झाली, स्तुती झाली. तो नेम मात्र ढळला नाही. कोणत्याही धर्माचा माणूस असो, त्याच्या श्रद्धेला रोजच्या रोज असे खतपाणी मिळाले, आणि त्या श्रद्धेचे फळ दीनदुबळ्यांच्या सेवेच्या रूपाने पदरी आले, तर त्याचे जीवन कृतार्थ होते. केडगावच्या माळावर पंडिता रमाबाईंनी जे झाड लावले, त्याची सावली म्हणूनच अजून ओसरलेली नाही.